डिप्लोमानंतर नोकरी सोडून बीई करावं का? आधी वाट कुठे अडते ते शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा, शेवटच्या वर्षाला ६८ टक्के, वय २५. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात लाइनवर तपासणी करत साडेतीन वर्षं झाली, हातात १९,५०० रुपये पडतात. घरचे म्हणतात, नोकरी सोड आणि थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन बीई पूर्ण कर. सुपरवायझर म्हणतात, अनुभवापुढे कागदाला कोण विचारतं. यातलं कुणाचं ऐकावं?

दोघंही खरं बोलतात, पण वेगवेगळ्या नोकऱ्यांबद्दल. म्हणून ‘शिक्षण की अनुभव’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवा आणि असं विचारा: पाच वर्षांनी मला जी खुर्ची हवी आहे, तिथे जाण्याची वाट नियमाने बंद आहे की मला अजून येत नसलेल्या कामाने? नियमाने बंद असेल तर कितीही वर्षं काम केलंत तरी ती उघडणार नाही, पदवी घ्यावीच लागेल. काम येत नाही म्हणून अडलं असेल तर तीन वर्षं कॉलेजात घालवूनही तुम्ही त्याच जागी परत याल, कारण ते काम बीईला शिकवतच नाहीत.

नियम कुठे आडवा येतो ते आधी सांगतो, कारण ते चटकन तपासता येतं. महाराष्ट्र अभियांत्रिकी सेवेची परीक्षा, ‘गेट’च्या गुणांवर होणारी सार्वजनिक उपक्रमांतली भरती, एमटेक, परदेशात अभियंता म्हणून नोकरी: इथे पदवीशिवाय अर्जच होत नाही. मोठ्या वाहन कंपन्यांत डिप्लोमा ट्रेनी आणि ग्रॅज्युएट ट्रेनी यांच्या श्रेणी पहिल्या दिवसापासून वेगळ्या असतात, आणि असिस्टंट मॅनेजरच्या वर डिप्लोमावाल्याला नेण्यासाठी एचआरला अपवाद करावा लागतो. पुण्यातल्या बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या डिझाइन केंद्रांतही बीईची अट बहुधा पक्की असते. याउलट रेल्वेतल्या ज्युनिअर इंजिनिअर पदाला डिप्लोमा चालतो. आणि चाकण, भोसरी, रांजणगाव, वाळूज इथल्या दुसऱ्या-तिसऱ्या फळीच्या पुरवठादारांकडे क्वालिटी हेड, टूलरूम हेड, अगदी प्लँट हेडसुद्धा डिप्लोमावाले असणं नवलाचं नाही. तिथे ग्राहकाच्या तक्रारीला उत्तर देऊ शकणारा आणि रिजेक्शन खाली आणणारा माणूस हवा असतो.

काही ठिकाणी तर पदवी आणि अनुभवाचा हिशेब सरकारनेच लिहून ठेवला आहे. ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या ऊर्जा लेखापरीक्षक परीक्षेला पदवीधर अभियंत्याला ऊर्जावापराशी संबंधित कामाचा ३ वर्षांचा अनुभव लागतो, डिप्लोमाधारकाला ६ वर्षांचा. म्हणजे इथे वाट दोघांनाही मोकळी आहे, फक्त तुम्हाला थोडं जास्त चालायचं आहे. अशा ठिकाणी तीन वर्षं पदवीसाठी देणं आणि तीच तीन वर्षं कामात घालवणं यांत फारसा फरक पडत नाही.

तुमची वाट कुठे अडते हे तुम्हाला दोन-तीन रविवारांत कळेल. नोकरीच्या संकेतस्थळावर तुम्हाला पाच वर्षांनी हव्या असलेल्या पदाच्या वीस जाहिराती काढा, उदाहरणार्थ सप्लायर क्वालिटी इंजिनिअर किंवा असिस्टंट मॅनेजर क्वालिटी. वहीत तीन रकाने करा: फक्त बीई/बीटेक मागणाऱ्या, ‘डिप्लोमा किंवा बीई’ लिहिणाऱ्या, आणि शिक्षणाबद्दल मोघम बोलणाऱ्या. शेजारी प्रत्येक जाहिरातीतली मागितलेली कामं लिहा. वीसपैकी चौदा-पंधरा पहिल्या रकान्यात गेल्या तर पदवीचा निर्णय जवळपास झालाच. पाच-सहाच गेल्या तर शेजारची कामांची यादी जास्त महत्त्वाची. त्याच आठवड्यात आपल्याच कारखान्यात बघा: गेल्या पाच वर्षांत सिनिअर इंजिनिअर आणि असिस्टंट मॅनेजर कोण झाले, त्यांचं शिक्षण काय, आतून वर गेले की बाहेरून आणले? एचआरला सरळ विचारायला हरकत नाही की डिप्लोमावर कोणत्या श्रेणीपर्यंत जाता येतं. चांगला एचआर स्पष्ट सांगतो. टाळाटाळ झाली तर तेही एक उत्तरच समजा.

आता अनुभवाबद्दल. साडेतीन वर्षं हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. भरतीसाठी बायोडेटा हातात येतो तेव्हा मी वर्षं मोजत नाही, पुढच्या गोष्टी विचारतो. लाइनवर उभं राहून व्हर्नियर-मायक्रोमीटरने माप घेऊन चेकशीट भरणं हे काम सहा महिन्यांत येतं, त्यानंतर त्यात नवं काही उरत नाही. पण तुम्ही स्वतः कंट्रोल प्लॅन लिहिला आहे का? प्रोसेस एफएमईएच्या (काय काय बिघडू शकतं ते आधीच शोधण्याच्या) बैठकीत बसता का? नव्या पार्टची पीपॅप फाइल (ग्राहकाची मंजुरी घेण्यासाठीची कागदपत्रं) तुम्ही बांधली की फक्त कुणी मागितलेले रिपोर्ट झेरॉक्स करून दिले? ग्राहकाच्या तक्रारीचा एट-डी, म्हणजे मूळ कारण शोधणारा आठ पायऱ्यांचा अहवाल, तुमच्या नावाने गेला आहे का, आणि त्यात मूळ कारण म्हणून ‘ऑपरेटरची चूक’ लिहिलं होतं की त्याच्या पुढे गेला होतात?

मुलाखतीत हमखास होणारी एक तपासणी सांगतो, तिच्यावरून तुमचा अनुभव कुठे आहे ते तुम्हालाच कळेल. गेज आर अँड आर अभ्यास, म्हणजे मापांतला किती फरक गेज आणि माप घेणाऱ्यांमुळे येतो याची तपासणी, कसा करायचा? उत्तर असं यायला हवं: १० पार्ट, ३ ऑपरेटर, प्रत्येकाचे ३ वेळा माप, म्हणजे ९० रीडिंग. पार्ट प्रोसेसच्या पूर्ण फैलावातून निवडलेले, एका तासात निघालेले एकसारखे नव्हेत. पार्टवरचा क्रमांक ऑपरेटरला दिसू द्यायचा नाही. निकाल १० टक्क्यांच्या आत असेल तर मापनपद्धत ठीक, १० ते ३० मध्ये वापराचं महत्त्व आणि खर्च बघून ठरवायचं, ३० च्या वर असेल तर गेज किंवा पद्धत बदलायची. इथवर बरेच जण सांगतात. पुढचा प्रश्न असतो: ३५ टक्के आले तर आधी काय बघाल? ज्याने अभ्यास खरंच केला आहे तो सांगतो की दोष पुनरावृत्तीत (एकाच ऑपरेटरच्या पुन्हा घेतलेल्या मापांत) आहे की ऑपरेटर-ऑपरेटरमधल्या फरकात ते वेगळं करीन. पहिला असेल तर गेज, फिक्स्चर, पार्ट धरण्याची पद्धत. दुसरा असेल तर प्रशिक्षण आणि मापाची जागा. हे ज्याला नीट सांगता येतं त्याच्या शिक्षणाचा रकाना मुलाखत घेणारा सावकाश बघतो.

तुमच्या वर्णनावरून तुम्ही अजून लाइन इन्स्पेक्शनमध्येच आहात. तसं असेल तर सुपरवायझरांचा सल्ला तुम्हाला आज लागू पडत नाही, कारण ज्या अनुभवाबद्दल ते बोलतात तो तुम्हाला मिळतच नाहीये. पदवीचं काहीही ठरो, पहिली हालचाल ही: नव्या पार्टच्या विकासाच्या टीममध्ये, ग्राहक-तक्रारींच्या कामात किंवा सीएमएम (तिन्ही मितींत अचूक माप घेणारं यंत्र) रूममध्ये बदली मागा. अंतर्गत ऑडिटर म्हणून आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानक) च्या प्रशिक्षणाला नाव द्या, बऱ्याच कंपन्या ते स्वतःच्या खर्चाने करतात. सहा महिने मागूनही काही मिळालं नाही तर नोकरी बदला, भले पगार तेवढाच मिळो.

आणि एक खात्री लगेच करा: तुम्ही कंपनीच्या रोलवर आहात की ठेकेदाराच्या? पगाराच्या स्लिपवर आणि पीएफच्या पासबुकात आस्थापनेचं नाव बघा. पुढच्या कंपनीची पार्श्वभूमी-तपासणी करणारे यूएएनवरचा (पीएफच्या कायम क्रमांकावरचा) सेवा-इतिहास बघतात. बायोडेटात मोठ्या कारखान्याचं नाव आणि पीएफमध्ये मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीचं, अशी विसंगती निघाली की हाती आलेली ऑफर परत जाते. ठेकेदाराच्या रोलवर असाल तर तसं स्वच्छ लिहा: अमुक एजन्सीमार्फत अमुक कारखान्यात. त्यात कमीपणा काही नाही.

आता पैसे. नोकरी सोडून तीन वर्षं पूर्णवेळ बीई केलं तर खर्च म्हणजे फक्त फी नव्हे, बुडणारा पगारही धरायचा. वर्षाला १० टक्के वाढ धरली तर १९,५०० च्या हिशेबाने पहिल्या वर्षी २,३४,०००, दुसऱ्या वर्षी २,५७,४००, तिसऱ्या वर्षी २,८३,१४०, मिळून ७,७४,५४० रुपये. खाजगी कॉलेजची फी वर्षाला एक लाख धरू. ती शुल्क नियामक प्राधिकरण कॉलेजनिहाय ठरवतं, त्यामुळे तुमच्या कॉलेजचा खरा आकडा इथे घाला. परीक्षा, पुस्तकं, प्रोजेक्ट यांचे तीस हजार. एकूण सुमारे ११ लाख. खोलीभाडं आणि जेवण मी धरलं नाही, कारण ते आजही चालूच आहे. अनेक जण ते दोनदा मोजतात आणि उगाच घाबरतात.

मिळकतीची बाजू बघा. नोकरीत राहिलात तर चौथ्या वर्षी याच वाढीने तुम्ही २५,९५० च्या आसपास असाल. मध्यम आकाराच्या कारखान्यात नवा ग्रॅज्युएट ट्रेनी याच्या फार वर सुरुवात करत नाही. म्हणजे पदवी हातात पडेल त्या दिवशी ११ लाख खर्चून तुम्ही साधारण तिथेच असाल. फायदा होईल तो त्यानंतरच्या चढाचा. पदवीमुळे महिन्याला ८,००० जास्त मिळू लागले तर ११ लाख वसूल व्हायला साडेअकरा वर्षं लागतात. १५,००० जास्त मिळाले तर सहा वर्षं. वाट नियमाने बंद असलेल्या क्षेत्रात जायचं असेल तर १५,००० चा फरक पडू शकतो. याच पट्ट्यातल्या, याच प्रकारच्या कारखान्यात परत यायचं असेल तर तो धरू नका.

हिशेब बदलणाऱ्या दोन गोष्टी आहेत. कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेरीतून प्रवेश मिळाला आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काचा निम्मा भार उतरतो, राखीव प्रवर्गांच्या योजना वेगळ्या आहेत. व्यवस्थापन कोट्यातून गेलात तर हे सगळं हातचं जातं. कर्ज घ्यावं लागलं तर साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय शैक्षणिक कर्ज मिळू शकतं. हप्ते अभ्यासक्रम संपून वर्षभराने सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतं. शक्य असेल तर शिकत असतानाच ते दरमहा भरत राहावं.

आणखी एक वाट आहे, आणि माझ्या मते तुमच्या बाबतीत आधी तीच तपासायला हवी: नोकरी न सोडता पदवी. एआयसीटीई (तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची परिषद) २०२३-२४ पासून कॉलेजांना काम करणाऱ्यांसाठी वेगळ्या तुकडीची परवानगी देतं. वर्ग संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी. किमान एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव लागतो, कामाचं किंवा राहण्याचं ठिकाण कॉलेजपासून ठराविक अंतराच्या आत असावं लागतं, आणि डिप्लोमावाल्यांना इथेही दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. बिट्स पिलानीचेही काम करणाऱ्यांसाठीचे पदवी अभ्यासक्रम आहेत, तिथे नोकरीत असणं हीच अट. वर्षाची फी तेवढीच एक लाख धरून आणि वर जाण्यायेण्याचे पैसे घालूनही तीन वर्षांचा खर्च ३ लाख ६० हजारांच्या घरात राहतो. तेच ८,००० जास्त मिळाले तर पावणेचार वर्षांत वसूल. शिवाय बीई झाल्यावर तुम्ही नवखे नसाल, साडेसहा वर्षांच्या अनुभवाचे पदवीधर असाल. त्याला किंमत आहे.

ही वाट कुठे फसते तेही ऐका. पहिली अडचण शिफ्टची. दुसरी शिफ्ट आली की त्या आठवड्याचे सगळे वर्ग बुडतात, आणि हजेरी ७५ टक्के लागते. म्हणून प्रवेशाआधीच विभागप्रमुखांकडून पहिली किंवा जनरल शिफ्ट लेखी मिळवा, ना-हरकत पत्रात तसा उल्लेख करून घ्या. तोंडी ‘बघू’वर तीन वर्षांचं गणित मांडू नका, साहेब बदलले की तो शब्दही जातो. दुसरी अडचण रस्त्याची: नाशिक फाटा ते चाकण किंवा तळेगाव-चाकण रस्त्यावर संध्याकाळी किती वेळ जातो ते तुम्हाला सांगायला नको. कॉलेज कारखान्याजवळ किंवा खोलीजवळ निवडा, नाव दुय्यम. तिसरी अडचण म्हणजे पुरेसे विद्यार्थी न आल्याने तुकडीच सुरू होत नाही. त्यामुळे पहिली फी भरताना परताव्याचा नियम विचारून ठेवा.

पूर्णवेळ असो की अर्धवेळ, डिप्लोमावाल्यांचा पाय अडकतो तो गणितात. दुसऱ्या वर्षाचं एम-थ्री, म्हणजे लाप्लास, फूरिये, संमिश्र चल, आणि तुमचं गणित सुटून पाच-सहा वर्षं झालेली. प्रवेश ठरला की वर्ग सुरू होण्याआधीचे दोन महिने रोज एक तास डिफरन्शिएशन, इंटिग्रेशन आणि डिफरन्शियल इक्वेशन पुन्हा करा. एम-थ्री मागे राहिलं की त्याचं ओझं पुढच्या दोन वर्षांवर पडतं. बाकीचे विषय, मशीन ड्रॉइंग, मेट्रॉलॉजी, मॅन्युफॅक्चरिंग, तुम्हाला नियमित मुलांपेक्षा सोपे जातील.

कॅम्पसवर भिस्त ठेवून नोकरी सोडणार असाल तर थांबा. कॅम्पसला येणाऱ्या अनेक कंपन्यांच्या अर्जात शिक्षणातला खंड एक किंवा दोन वर्षांहून जास्त नसावा अशी अट असते, आणि तुमची नोकरीची वर्षं त्यांच्या लेखी खंडच ठरतात. त्यातून ६८ टक्क्यांना नामांकित कॉलेज मिळणं अवघड आहे. पुण्या-मुंबईच्या वरच्या कॉलेजांत थेट दुसऱ्या वर्षाची यादी नव्वदीत बंद होते. गेल्या वर्षीची कॅपची यादी उघडून ६८ ला काय मिळतं ते बघा, आणि त्या कॉलेजातून गेल्या दोन वर्षांत बाहेर पडलेल्या दोघा-चौघांना फोन करून कुठे लागले ते विचारा. तुमचा कॅम्पस म्हणजे तोच.

काही टाळायचं असेल तर ते हे: दूरशिक्षणाने बीटेक किंवा ‘एका वर्षात बीई’. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये एआयसीटीईच्या मंजुरीशिवाय दूरस्थ पद्धतीने अभियांत्रिकी पदव्या देता येत नाहीत असा निकाल दिला आहे. एएमआयई, म्हणजे इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची परीक्षा, हिची बीईशी समकक्षता ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी केलेल्यांपुरतीच आहे. आज कुणी ती बीईच्या बरोबरीची म्हणून विकत असेल तर पैसे देऊ नका. बी.व्होक. ही खरी पदवी आहे, एमबीए किंवा ‘कोणताही पदवीधर’ अशा जागांना चालते, पण जिथे बीई/बीटेक असं लिहिलं आहे तिथे नाही. कॉलेज कोणतंही असो, चालू वर्षाचं एआयसीटीई मंजुरीपत्र मागा आणि त्यात काम करणाऱ्यांच्या तुकडीची जागासंख्या वेगळी छापली आहे का ते स्वतः वाचा.

वीस जाहिरातींमधून असं निघालं की पदवी अडत नाही, कामच अडतं, तर तीन वर्षांऐवजी सहा-आठ महिने नेमक्या गोष्टीला द्या. क्वालिटीतच राहायचं असेल तर जीडी अँड टी (ड्रॉइंगवरच्या आकार आणि स्थितीच्या मर्यादा), सीएमएम प्रोग्रॅमिंग, एसपीसी (आकडेवारीने प्रोसेसवर नियंत्रण). डिझाइनकडे वळायचं असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममधले टूल आणि डाय डिझाइनचे डिप्लोमानंतरचे अभ्यासक्रम बघा, तिथे हात मशीनवर चालतो. नुसती सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या क्लासचं प्रमाणपत्र मात्र भरतीत फारसं मोजलं जात नाही. स्वतः काढलेलं फिक्स्चरचं ड्रॉइंग आणि त्यावर बनलेला पार्ट दाखवलात तर मोजलं जातं.

तुमच्या जागी मी हा क्रम लावेन: या महिन्यात जाहिरातींची वही आणि बदलीचा अर्ज. पुढच्या महिन्यात कारखान्यापासून जाऊ शकाल अशा अंतरातल्या, काम करणाऱ्यांसाठी तुकडी असलेल्या कॉलेजांची यादी. प्रवेशाच्या सूचना तंत्रशिक्षण संचालनालय आणि सीईटी सेल या दोन्हींच्या संकेतस्थळांवर बघत राहा. थेट दुसऱ्या वर्षासाठी डिप्लोमाला खुल्या प्रवर्गात ४५ आणि राखीव प्रवर्गात ४० टक्के पुरतात, वेगळी सीईटी नाही. राखीव प्रवर्गातून अर्ज करणार असाल तर जात वैधता प्रमाणपत्राचं प्रकरण आजच दाखल करा, त्याला महिनोन्‌महिने लागतात आणि ऐन फेरीत जागा जाते. नॉन-क्रीमीलेअर चालू वर्षाचं आहे का तेही पाहा.

नोकरी सोडायचंच ठरलं तरी तारीख विचार करून निवडा. कायम नोकरीत पाच वर्षं भरली की ग्रॅच्युइटी लागू होते. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १२,००० धरले तर पाच वर्षांचे साधारण ३४,६०० रुपये होतात. दीड वर्षाने नोकरी सोडणार असाल तर त्या तारखेकडे लक्ष ठेवा. पीएफ काढून फी भरू नका. खातं तसंच ठेवा आणि पुढच्या नोकरीत ट्रान्सफर करा, कारण पेन्शनसाठी लागणाऱ्या १० वर्षांच्या सेवेत ही साडेतीन वर्षं मोजली जातात आणि पेन्शनचा भाग काढलात की ती पुसली जातात. शेवटच्या दिवशी रिलीव्हिंग लेटर आणि अनुभव प्रमाणपत्र दोन्ही घ्या, आणि प्रमाणपत्रात नुसतं ‘क्वालिटी विभाग’ न लिहिता कोणती कामं केलीत ते लिहून मागा.

वीस जाहिरातींचा निकाल आणि बदलीच्या अर्जाचं उत्तर आलं की इथेच कळवा. कारखाना कुठल्या फळीतला पुरवठादार आहे आणि ग्राहक कोण आहेत हेही लिहा, म्हणजे कोणतं कौशल्य आधी घ्यायचं ते नेमकं सांगता येईल.